बेटं नको म्हणणारे अमेरिकन : रत्नागिरीतल्या पावसाळी इतिहासवर्गाबद्दल

रत्नागिरीत दर पावसाळ्यात इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक संध्याकाळचा वर्ग चालवतात. एका मोसमात एकच विषय. यंदाचा विषय असा होता: १८९८ साली स्पेनला हरवून अमेरिका समुद्रापलीकडची बेटं ताब्यात घ्यायला लागली, तेव्हा खुद्द अमेरिकेतल्या काही लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. ते लोक कोण, आणि त्यांचा विरोध कशासाठी? मी हा वर्ग पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत केला. फी बाराशे रुपये, त्यात छापील टिपणं आणि मधल्या सुट्टीतला चहा. आमच्या जहाजी मंडळींपैकी कितीतरी जण विचारतात की या वयात हे शिकून करायचं काय, आणि पैसे पाण्यात तर गेले नाहीत ना. पैसे पुरेपूर वसूल झाले. एक मोठी तक्रार आहे, तीही लिहितो.

आधी सोयी-गैरसोयींचं. वर्ग भरतो थिबा पॅलेसच्या वाटेवर, एका जुन्या कौलारू घराच्या माडीवर. जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघेदुखी असेल त्यांनी विचार करून जावं. कौलांवर पाऊस कोसळायला लागला की मागच्या रांगेत काही म्हणजे काही ऐकू येत नाही, तेव्हा लवकर पोचून पुढं बसावं. वीज जातेच. त्यामुळं सरांनी पडद्यावर चित्रं दाखवायचा प्रकार सोडून दिलाय. भिंतीवर मोठा कापडी नकाशा, एक फळा, आणि प्रत्येकाच्या हातात कागद. वेळ सहा ते आठ, पण पावस गावच्या गाडीनं परतणाऱ्यांना पावणेआठलाच उठावं लागतं आणि चर्चा नेमकी तेव्हाच रंगात आलेली असते. अर्धा तास आधी सुरुवात केली तर बरं होईल.

जून-जुलै हे महिने मात्र विचार करून निवडलेत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या मिरकरवाड्यात शाकारून ठेवलेल्या, हापूसचा हंगाम आटोपलेला. ऐन लावणीच्या दिवसांत वर्गाला सुट्टी. म्हणून इथं पेन्शनर आणि कॉलेजच्या मुलांबरोबर मिरकरवाड्याचे एक नाखवा येतात, पावसकडचे दोन बागायतदार येतात, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली येतात. इतिहासाच्या वर्गाला असा श्रोता मी मुंबईतही पाहिला नाही.

मी का गेलो, तेही सांगतो. माझी सगळी नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये झाली. जगातल्या कुठल्याही जहाजावर चढा, खलाशांत फिलिपिनो भेटणारच. त्यांच्याबरोबर जेवलो, त्यांच्याबरोबर वादळं काढली, आणि एक गोष्ट कायम डोक्यात राहिली: आडनावं स्पॅनिश, इंग्रजी बोलायची ढब अमेरिकन, बास्केटबॉलचं वेड, आणि देश आशियातला. हे असं कसं झालं, ते धड कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी सरांनी थेट कोळशापासून सुरुवात केली, आणि तिथंच हा माणूस मला पटला. वाफेचं जहाज किती लांब जाणार ते बंकरमधल्या, म्हणजे जहाजाच्या कोठारातल्या, कोळशावर ठरायचं. अमेरिकी नौदलातला आल्फ्रेड मेहॅन १८९० पासून सांगत होता की राष्ट्र मोठं व्हायचं तर मोठं आरमार हवं, आणि आरमाराला वाटेत कोळसा भरायची ठाणी हवीत. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू सुमारे २१०० सागरी मैल, तिथून फिलिपिन्सची राजधानी मनिला त्याच्या दुपटीहून लांब. सरांनी नकाशावर दोरा ताणला आणि हवाई, ग्वाम, मनिला ही नावं एकामागोमाग एक का येतात ते दाखवलं. विस्तार हवा म्हणणाऱ्यांची बाजू त्यांनी इतकी नीट मांडली की त्या रात्री घरी जाताना मला तीच खरी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, कार्ल शुर्झचं. हा माणूस १८४८ च्या क्रांतीत हरून जर्मनीतून पळाला, अमेरिकेत आला, यादवी युद्धात लिंकनच्या बाजूनं जनरल म्हणून लढला, पुढं सिनेटर आणि मंत्री झाला. त्याचं म्हणणं साधं होतं: कोळशाची ठाणी हवीत ना, मग ठाणी घ्या. त्यासाठी लाखो माणसांच्या देशावर राज्य करायची काय गरज? व्यापार करायला मालक व्हावं लागत नाही. आम्ही अमिरातीतल्या फुजैराला आणि सिंगापूरला आयुष्यभर तेल भरलं, त्यासाठी कुणाला फुजैरा जिंकावं लागलं नाही. शुर्झचा मुद्दा इंजिन रूममधल्या माणसाला लगेच पटतो.

टिपणं फार चांगली आहेत, त्यातही पहिल्या पानावरचा दोन रकान्यांचा तक्ता. डावीकडे अमेरिका: १५ फेब्रुवारी १८९८, स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबात, हवानाच्या बंदरात, ‘मेन’ या अमेरिकन युद्धनौकेवर स्फोट, एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध, १ मे, मनिलाच्या उपसागरात कमोडोर ड्यूईनं स्पॅनिश आरमार बुडवलं, ७ जुलै, हवाई बेटं सामील, १० डिसेंबर, पॅरिसचा तह, फिलिपिन्सच्या बदल्यात स्पेनला दोन कोटी डॉलर. उजवीकडे आपल्याकडचं: १८९७, पुण्यात प्लेग, रँडचा खून, राजद्रोहाबद्दल टिळकांना दीड वर्षाची शिक्षा, सप्टेंबर १८९८, सुटका. १५ जून १८९८ ला बोस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये साम्राज्याच्या विरोधात पहिली सभा भरली, त्या दिवशी रत्नागिरीत जन्मलेले टिळक साम्राज्याच्या तुरुंगात होते. सर यावर एक शब्दही जास्त बोलले नाहीत. तारखा समोरासमोर ठेवल्या, पुढं गेले.

त्या सभेतूनच १९ नोव्हेंबर १८९८ ला साम्राज्यविरोधी संघ, म्हणजे अँटी-इम्पिरिअलिस्ट लीग, उभा राहिला. अध्यक्ष जॉर्ज बाउटवेल, वय ऐंशी, एकेकाळचा अर्थमंत्री. उपाध्यक्षांच्या यादीत माजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड, पोलादसम्राट ॲन्ड्र्यू कार्नेगी, कामगार पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स. १९०१ पासून मार्क ट्वेन, जो पाचच वर्षांपूर्वी व्याख्यानं देत मुंबईत येऊन गेला होता. कार्नेगी आणि गॉम्पर्स एका यादीत कसे, हा प्रश्न सरांनी आम्हालाच विचारला. १८९२ साली कार्नेगीच्या होमस्टेडच्या कारखान्यात संपकरी आणि मालकानं आणलेले भाडोत्री पहारेकरी यांच्यात गोळीबार होऊन माणसं मेली होती. ही दोन माणसं एका मांडवात येतात, तेव्हा त्यांची कारणं एक असूच शकत नाहीत. सगळा वर्ग या एका गोष्टीवर उभा आहे, आणि माझ्या मते त्याचं सगळं मोल यातच आहे. विरोधकांची एकच गोड गोष्ट करून सांगता आली असती. सरांनी प्रत्येकाचं कारण वेगळं काढून आमच्या हातात दिलं.

हातात दिलं म्हणजे खरोखरच. पॅरिसचा तह सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहात, मंजुरीला आला, तो वाद वर्गात उभा करायला एका संध्याकाळी त्यांनी चिठ्ठ्या वाटल्या. निम्म्यांवर सिनेटरांची नावं, निम्म्यांवर त्यांच्यावर दबाव आणणाऱ्या बाहेरच्या लोकांची. खाली त्या माणसाचं म्हणणं सात-आठ ओळींत, सोप्या मराठीत. उभं राहायचं, वाचायचं, आणि समोरच्याच्या प्रश्नांना त्या माणसाच्या बाजूनं उत्तर द्यायचं.

नाखव्यांच्या वाट्याला गॉम्पर्स आला. गॉम्पर्सची भीती अशी की बेटं घेतली की तिथले मजूर कंत्राटावर आणले जातील आणि अमेरिकन कामगाराची मजुरी पडेल. हवाईत उसाच्या मळ्यांवर तेच चाललं होतं. नाखव्यांनी वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवला. म्हणाले, “आमच्या होड्यांवर आता निम्मे खलाशी नेपाळी. इथल्या पोरांनी मला हेच सुनावलंय. पण ते आले नसते तर माझी होडी बंदरातच कुजली असती.” मग सरांनी गॉम्पर्सचं पुढचं वाक्य वाचायला लावलं, ज्यात मजुरीची चिंता संपते आणि चिनी माणसाबद्दलचा तिरस्कार सुरू होतो. नाखवा ते वाचून खाली बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

एका मुलीला बेंजामिन टिलमन आला, दक्षिण कॅरोलायनाचा सिनेटर. त्याचा फिलिपिन्सला विरोध होता तो, आणखी काळे-पिवळे लोक आमच्या देशात नकोत, म्हणून. पोरगी म्हणाली, मी हे मोठ्यानं वाचणार नाही. सर म्हणाले, “वाच गं. मत त्याचं आहे, तुझं नाही. आणि हे वगळलं तर मी तुम्हाला खोटा इतिहास शिकवतोय.” तिनं वाचलं. शब्दन् शब्द नीट वाचला, आवाज न चढवता.

माझ्या चिठ्ठीवर जॉर्ज फ्रिस्बी होर होता. मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर, बहात्तर वर्षांचा, राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीच्याच पक्षाचा. त्याच राज्याचा दुसरा सिनेटर हेन्री कॅबट लॉज विस्ताराचा मोठा पुरस्कर्ता. म्हणजे स्वतःचा पक्ष, स्वतःच्या राज्याचा जोडीदार आणि नुकतीच जिंकलेली लढाई, या सगळ्याच्या विरोधात होर उभा राहिला. त्याचा मुद्दा कायद्याचा: लोकांच्या संमतीशिवाय त्यांच्यावर राज्य करण्याचा अधिकार आमच्या राज्यघटनेनं कुणाला दिलेलाच नाही. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिलंय की सरकारची सत्ता शासितांच्या संमतीतून येते. ते खरं असेल तर मनिलातही खरं. नाखव्यांनी मला घेरलं: मग हवाईच्या वेळी तुम्ही बाजूनं मत का दिलंत? होरनं खरंच दिलं होतं. मला उत्तर देता येईना, आणि सर म्हणाले की होरलाही ते कायम अडचणीचं जात असणार. १८९७ साली हवाईच्या एकवीस हजारांहून जास्त मूळ रहिवाशांनी विलीनीकरण नको म्हणून सह्या करून वॉशिंग्टनला पाठवल्या होत्या. तहाला लागणारी दोन तृतीयांश मतं सिनेटमध्ये जमेनात, म्हणून मग साध्या बहुमताच्या ठरावानं बेटं घेतली. हे ऐकल्यावर होरबद्दलचा माझा आदर कमी झाला नाही, पण तो आता डोळे उघडे ठेवून आहे.

मग सरांनी फळ्यावर निकाल लिहिला. ६ फेब्रुवारी १८९९, पॅरिसच्या तहाच्या बाजूनं ५७, विरोधात २७. चौऱ्याऐंशीचे दोन तृतीयांश छप्पन्न. एक मत जास्त, एवढंच. दोनच दिवसांपूर्वी, ४ फेब्रुवारीच्या रात्री, मनिलाबाहेर अमेरिकन आणि फिलिपिनो सैन्यांत गोळीबार सुरू झाला होता आणि ती बातमी मतदानाआधी वॉशिंग्टनला पोचली होती. त्यात विरोधी पक्षाचा नेता विल्यम जेनिंग्ज ब्रायन यानंच आपल्या लोकांना तह मंजूर करा म्हणून सांगितलं. एकदाचं स्पेनशी युद्ध संपवू, मग फिलिपिन्सला स्वातंत्र्य देऊ, असा त्याचा हिशेब. आठवडाभरानं, फिलिपिन्सला पुढं स्वातंत्र्य द्यायचं वचन देणारा ठराव आला. मतं पडली २९ विरुद्ध २९. उपराष्ट्राध्यक्ष होबार्टनं आपलं मत टाकून तो पाडला. माडीवर त्या वेळी कुणी जागचं हललं नव्हतं. पावसची गाडी चुकली ती चुकलीच.

पैशाचा आणि फौजेचा मुद्दा सरांनी लवकर उरकला, ते ठीकच झालं. युद्धाआधी अमेरिकेची खडी फौज जेमतेम २८ हजारांची होती, आणि एकट्या फिलिपिन्समध्ये ऐन भरात सुमारे ७० हजार सैनिक ठेवावे लागले. येल विद्यापीठाचा विल्यम ग्रॅहम समनर हेच सांगत होता: स्पेनला आपण हरवलं खरं, पण स्पेनच्या वाटेनं गेलो तर शेवटी स्पेननंच आपल्याला जिंकलं असं होईल, कर्ज, कर, कायमची फौज, आणि मायदेशातली लोकशाही पातळ. बीट साखरवाल्यांना बाहेरची स्वस्त साखर नको होती, तेही विरोधकांत आले. हे सरांनी दोन वाक्यांत सांगितलं.

याच्या उलट संत्र्यांच्या खटल्याला पूर्ण संध्याकाळ दिली आणि ती दोन्ही बागायतदारांनी अक्षरशः पिऊन घेतली. प्वेर्तो रिको बेट अमेरिकेचं झाल्यावर सॅम्युएल डाउन्स नावाच्या व्यापाऱ्यानं तिथून न्यूयॉर्कला संत्री आणली. बंदरावर त्याच्याकडून ६५९ डॉलर ३५ सेंट जकात घेतली. तो म्हणाला, बेट जर आपल्याच देशाचं, तर देशातल्या देशात जकात कसली? राज्यघटना सांगते की सगळ्या अमेरिकेत कर सारखा हवा. हे भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे १९०१ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला: प्वेर्तो रिको अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण या बाबतीत अमेरिकेचा भाग नाही. विरोधक तीन वर्षं नेमकं हेच म्हणत होते की तुम्ही माणसं घ्याल आणि घटना बाहेर ठेवाल. एक बागायतदार पेटीचा हिशेब मांडायला लागले: माझा आंबा वाशीच्या मार्केटला जाताना मध्येच कुणी म्हणालं की रत्नागिरी महाराष्ट्राची आहे पण महाराष्ट्रात नाही, तर? प्वेर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासून अमेरिकन नागरिकत्व आहे, आणि बेटावर राहून राष्ट्राध्यक्षासाठी मत आजही देता येत नाही. हे सांगितल्यावर त्या गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहून त्याखाली रेघ मारली.

काळ्या अमेरिकनांच्या विरोधाची संध्याकाळ मला सगळ्यांत जड गेली. संघ स्थापन झाला त्याच्या नऊ दिवस आधी, १० नोव्हेंबर १८९८ ला, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात गोऱ्यांच्या सशस्त्र जमावानं निवडून आलेली नगरसत्ता उलथवली आणि काळ्या माणसांची कत्तल केली. ज्या सरकारला विल्मिंग्टनमध्ये न्याय देता येत नाही ते मनिलाला काय देणार, असं काळ्या लोकांची वृत्तपत्रं विचारत होती. डेव्हिड फेगन हा चोविसाव्या पायदळ पलटणीतला काळा शिपाई नोव्हेंबर १८९९ मध्ये पलटण सोडून फिलिपिनोंच्या बाजूला गेला आणि त्यांच्याकडून लढला. संघातला वकील मूरफील्ड स्टोरी पुढं संघाचा अध्यक्ष झाला, आणि काळ्या लोकांच्या हक्कांसाठी १९०९ साली निघालेल्या एनएएसीपी या संस्थेचा पहिला अध्यक्षही तोच. टिलमन आणि स्टोरी दोघेही विरोधकच. दोघांची नावं सरांनी फळ्याच्या दोन टोकांना लिहिली आणि मधली जागा मोकळी सोडून आम्हाला विचारलं, बाकीचे कुठं बसतात? अर्धा तास आम्ही माणसं बसवत होतो. शुर्झला कुठं बसवायचं यावर एकमत झालंच नाही, कारण उष्ण कटिबंधातल्या लोकांना लोकशाही झेपत नाही असं तोही म्हणायचा.

हे विरोधक हरले. १९०० च्या निवडणुकीत मॅकिन्ली पुन्हा जिंकला. संघातल्या एडवर्ड ॲटकिन्सननं युद्धविरोधी पत्रकं मनिलाला पाठवली, ती पोस्टखात्यानं सॅन फ्रान्सिस्कोतच अडवली. तरी संघानं फिलिपिन्समधल्या सैनिकांची घरी आलेली पत्रं छापली, आणि १९०२ मध्ये सिनेटच्या समितीसमोर सैनिकांनी शपथेवर सांगितलं की कैद्यांच्या तोंडात पाणी ओतून त्यांचा छळ करत होतो. ही पत्रं सरांनी मराठीत करून दिली आहेत. बाराशेपैकी निम्मे रुपये मी त्या चार पानांचे धरतो.

आता तक्रार. एवढ्या संध्याकाळी झाल्या, आणि फिलिपिन्सचे लोक स्वतः काय म्हणत होते याला शेवटच्या दिवसाचा उत्तरार्ध. मी सरांना तोंडावर सांगितलं, इथंही लिहितो. २३ जानेवारी १८९९ ला मालोलोसला त्यांचं प्रजासत्ताक जाहीर झालं होतं, त्यांची स्वतःची घटना होती. अमेरिकेत ‘यांना राज्य करता येईल का’ यावर वाद चालू असताना ते राज्य करत होते. अपोलिनारिओ माबिनी त्यांचा पंतप्रधान, दोन्ही पायांनी अधू. अमेरिकनांनी त्याला पकडलं, निष्ठेची शपथ घे म्हणाले, तो घेईना, म्हणून जानेवारी १९०१ मध्ये त्याला ग्वाम बेटावर हद्दपार केलं. दोन वर्षांनी परत आला आणि मे १९०३ मध्ये कॉलऱ्यानं गेला. आम्ही ज्या रस्त्यानं वर्गाला जातो त्याच रस्त्यावर ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं, आणि तो इथंच १९१६ मध्ये वारला. हद्दपार माणूस कसा दिसतो हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलंय. रत्नागिरीतल्या वर्गात माबिनीला एक अख्खी संध्याकाळ मिळायलाच हवी होती. फिलिपिन्सच्या या युद्धात अमेरिकेचे ४२०० च्या वर सैनिक मेले, फिलिपिनो लढवय्ये सुमारे वीस हजार, आणि हिंसा, उपासमार, रोगराई यांनी निदान दोन लाख सामान्य माणसं. ज्यांची माणसं इतकी गेली त्यांचा आवाज शेवटच्या तासावर ढकलू नये.

त्या शेवटच्या तासात मी आमच्या बोसनबद्दल, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाबद्दल, सांगितलं. तो फिलिपिन्समधल्या सामार बेटाचा. सप्टेंबर १९०१ मध्ये तिथल्या बालांगिगा गावच्या लोकांनी अमेरिकन तुकडीवर हल्ला करून चाळीसच्या वर सैनिक मारले. बदल्यात जनरल जेकब स्मिथनं दहा वर्षांवरच्या, हत्यार धरू शकेल अशा प्रत्येकाला मारायचा हुकूम दिला. गावच्या चर्चच्या तीन घंटा अमेरिकन सैन्यानं नेल्या, त्या परत यायला डिसेंबर २०१८ उजाडला. त्या दिवशी आम्ही एकाच जहाजावर होतो. ड्यूटी संपवून तो मेसमध्ये फोनवर ते चित्रण बघत होता, नेट तुटत होतं, घंटा विमानातून उतरताना अडकायच्या, पुन्हा पहिल्यापासून लावायचा. शेजारी बसलेल्या मला म्हणाला, “माझ्या आजीच्या आजीनं ऐकल्या असतील.”

यावर स्पर्धा परीक्षेवाल्या मुलींपैकी एकीनं विचारलं, “मग वसईच्या घंटांचं काय?” १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसई घेतली आणि तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा सगळ्यांना माहीत आहे. माडीवर एकदम चार-पाच आवाज उठले. पोर्तुगीजांनी आधी काय केलं होतं ते कुणी सांगायला लागलं, लढाईतली लूट वेगळी असं कुणी म्हणालं. सरांनी कुणालाच थांबवलं नाही, स्वतःचं मतही सांगितलं नाही. मला वाटतं तेव्हा त्यांनी बोलायला हवं होतं. माझं स्वतःचं मत असं की वसईच्या आजच्या ख्रिस्ती माणसानं ती घंटा मागितली तर निदान त्याचं ऐकून घ्यायला आपण बसलं पाहिजे. नाखवा माझ्याशी सहमत नाहीत, आणि मिरकरवाड्याला भेटलो की आम्ही अजून त्यावर बोलतो.

कुणी जावं? ज्याला एका प्रश्नापाशी थांबून बसायला आवडतं त्यानं. परीक्षेसाठी तयार मुद्दे हवे असतील तर जाऊ नका, इथं फळ्याची मधली जागा मोकळीच राहते. इंग्रजी येत नसेल तरी काही अडत नाही, सगळी टिपणं मराठीत आहेत. फक्त अक्षर बारीक आहे, चष्मा विसरू नका. चहा चांगला, साखर जास्त.

पुढच्या मोसमाचा विषय क्यूबा असल्याचं सरांनी सांगितलं. १८९८ मध्ये युद्धाला निघताना अमेरिकन काँग्रेसनं टेलर दुरुस्तीत लिहून दिलं होतं की क्यूबा घेणार नाही. मग क्यूबाच्या कारभारात हस्तक्षेपाचा हक्क अमेरिकेला देणारी १९०१ ची प्लॅट दुरुस्ती आणि ग्वांतानामोच्या नाविक तळाचा १९०३ चा भाडेपट्टा कुठून आला, ते शिकवणार आहेत. या वेळी क्यूबाच्या लोकांपासून सुरुवात करा, असं मी लेखी दिलंय. नावनोंदणी मेअखेरीला सुरू होते आणि जागा थोड्या असतात. चपला जिन्याखाली भिजतात, एक प्लास्टिकची पिशवी बरोबर ठेवा.